आपल्या बर्गरवाल्याला एक तारा देणाऱ्या साहेबांना

गोवावेसकर

परवा एका साहेबांनी आपल्या बर्गरवाल्यावर लिहिलं. नाव घेत नाही, बेळगावातल्या सगळ्यांना कळलंय कोणाबद्दल आहे ते. ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी सारांश: "जुनं, घरचं दुकान म्हणून कौतुकानं गेलो. पॅटीत नुसता बटाटा, पाव तेलकट, पंखा एकच, फोनवरून पैसे घेत नाहीत, मालक मान वर करून बघत नाही. आठवणींवर चाललेलं दुकान. एक तारा." खाली हसणाऱ्यांची रांग.

एक तारा द्या नाहीतर अर्धा द्या, पण माप कुठलं लावलं ते तरी बघा. मॅकडोनाल्ड्स भारतात आलं १९९६ ला, तेही दिल्ली-मुंबईत. त्याच्या आधीपासून हा माणूस इथं तव्यावर पाव भाजायला लागलेला. त्याला कुठल्या कंपनीनं प्रशिक्षण दिलं नाही. कॅम्पातल्या मिलिटरीवाल्यांची पोरं दिल्लीत निरुलाजच्या हॉटेलात बर्गर खाऊन आलेली असायची. ती सांगायची, अंकल, कांदा उभा नको, गोल चकत्या करा. हा करायचा. असं शिकलाय तो.

पॅटीत बटाटा आहे म्हणे. असणारच की! मॅकडोनाल्ड्स कंपनीनंही इथं येऊन आलू टिक्कीच काढली, गाईचं-डुकराचं काही ठेवलं नाही. म्हणजे ती आपल्या गल्लीत आली, आपण तिच्या नाही.

आणि पाव तेलकट नाही, लोण्यात भाजलेला असतो. कापलेली बाजू तव्यावर दाबून भाजली की मेयोनेजचं आणि कोबीचं पाणी आत मुरत नाही, पाव शेवटच्या घासापर्यंत धरून राहतो. मॉलमधला उघडून बघा, वाफेनं लिबलिबीत झालेला असतो. मालक मान वर करत नाही कारण पुढं तवा आहे. त्यानं तुमचं स्वागत करायचं की पॅटी उलटायची? सत्तर रुपयांत दोन्ही पाहिजे काय?

बाणेरला राहतो, टिळकवाडीचा आहे

तो साहेब मीच. साहेब म्हणू नका काका, माझं बारावीपर्यंतचं सगळं इथंच झालंय आणि त्या दुकानात उधारीवरसुद्धा खाल्लंय. म्हणूनच वडिलांना घेऊन गेलो होतो.

वडिलांना साखर आहे, वेळेवर खायला लागतं. आमच्या मागून आलेल्या कॉलेजच्या पोरांना आधी दिलं. विचारलं तर उत्तर, "गर्दी हाय, दिसंना काय?" माझ्याकडं रोख नव्हती. शेवटी वडिलांनी बनियनच्या खिशातून नोटा काढल्या. मुलगा पुण्यात नोकरीला आणि बर्गरचे पैसे बाप देतोय, तेही पाहुणा म्हणून आणलेला बाप! पाव कसा भाजतात यावर व्याख्यान दिलंत, छान. मी माणसाला कसं वागवतात ते लिहिलं होतं.

मूळ पोस्टीत वडिलांचं लिहिलं नाही, कारण ते वाचतात.

उद्यमबाग, दुसरी पाळी

पुण्याहून दिवाळीला चार दिवस यायचं, गावात काय बिघडलंय ते सांगायचं आणि रविवारी रात्रीच्या बसनं परत. आमच्या वर्गातली निम्मी पोरं असलीच. बेळगाव सोडताना कुणी एक तारा दिला नव्हता.

पण पैशाच्या मुद्द्यावर मी ह्याच्याच बाजूनं आहे. फोननं पैसे घेत नाही म्हणजे काय? कर चुकवायचा. आम्ही कास्टिंगवर, म्हणजे ओतीव मालावर, १८ टक्के जीएसटी भरतो, एक बिल चुकलं तर पोर्टल गळा धरतं. आणि बर्गरवाल्याला मात्र सगळं माफ, का तर जुना आहे.

हिशेब चोख

एवढं सरळ नाही ते. २०२५ च्या जुलैत राज्याच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या, चार वर्षांच्या एकदम. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची गेली. भाजीला कर नाही तरी! मग बेंगळुरात दुकानादुकानांवर "फक्त रोख" चे कागद चिकटले. पुढं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की जुनी थकबाकी मागणार नाही, पण नोंदणी करा. तोवर माणसं घाबरून गेली होती. माझ्याकडं येणारे निम्मे लोक अजून त्या भीतीतच आहेत. बर्गरवाल्यानं क्यूआर काढून टाकला तो त्याच सुमारास. चोर म्हणून काढला की घाबरून काढला, हे तुम्ही घरी बसून ठरवू नका.

उद्यमबाग, दुसरी पाळी

जो भरतोय तो कशाला घाबरेल?

हिशेब चोख

बरं, आकडे घ्या. जेवणाखाण्याचं दुकान सेवेत मोडतं, वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटीची नोंदणी लागते. ३६५ नं भागा, दिवसाला साडेपाच हजाराच्या आसपास येतं. सत्तरच्या भावानं अठ्ठ्याहत्तर बर्गर.

गोवावेसकर

म्हणजे काय झालं? छोटाच धंदा आहे तो.

हिशेब चोख

काका, शनिवारी रांग रस्त्यावर येते, तुम्हालाही माहीत आहे. अठ्ठ्याहत्तर तर संध्याकाळी सातच्या आत संपत असतील. म्हणजे नोंदणी पाहिजेच. पण त्यानंही मरत नाही माणूस. दीड कोटीच्या उलाढालीपर्यंत कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सोपी कर योजना, घेता येते, सरसकट ५ टक्के, आणि ते गिऱ्हाईकाकडून घ्यायचे नाहीत, स्वतःच्या खिशातून. सत्तरच्या बर्गरला साडेतीन रुपये. त्यासाठी क्यूआर काढून गिऱ्हाईक घालवायचं काय? मी त्याचा सल्लागार असतो तर हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

गोवावेसकर

तू कोणाच्या बाजूनं आहेस गा?

हिशेब चोख

आकड्यांच्या.

खानापूर स्टँड

कर बिर ऱ्हाऊ दे. बोर्ड बघितलाय काय त्याचा? आधी मराठी नाव केवढं मोठं होतं, लांबनं दिसायचं. २०२४ चा कायदा आल्यापासून ६० टक्के कन्नड, तेही वरच्या बाजूला. मराठी कुठं गेलं बघा, खाली फोन नंबराच्या शेजारी. यावर कोण बोलायला तयार नाही, सगळे पॅटीत काय आहे ते बघायलेत!

निपाणीकर

आली गाडी बोर्डावर. मी वाटच बघत होतो.

खानापूर स्टँड

येणारच. तुम्हाला निपाणीत बसून काय कळणार.

निपाणीकर

निपाणी काय महाराष्ट्रात गेली काय कालपासून? आम्हीही तेच सोसायलोय. पण तो माणूस कन्नडात, मराठीत, हिंदीत ऑर्डर घेतो आणि तिन्ही भाषांत तेवढाच खेकसतो. त्याच्याएवढी समानता मला ह्या जिल्ह्यात दुसरीकडं बघायला मिळाली नाही. बोर्ड दंड चुकवायला बदलला असंल, त्यात त्याचा काय दोष.

खानापूर स्टँड

दोष कोण देतंय? मन दुखतं म्हटलं तर तेवढं पण म्हणायचं न्हाई काय?

शहापूरची सून

पुरुष मंडळी कर आणि बोर्ड ह्यातनं बाहेर आलात तर एक विचारू? तिथं व्हेज आणि अंड्याचं एकाच तव्यावर होतं. आमच्या सासूबाईंना हे माहीत नव्हतं, त्या वर्षानुवर्षं तिथला व्हेज बर्गर आवडीनं खात आल्या. श्रावणातसुद्धा. एका दिवशी समोर बघितलं, त्याच उलथन्यानं ऑम्लेट काढलं आणि त्याच उलथन्यानं सासूबाईंची पॅटी. त्यांनी सोडलं. मी सोडलं नाही, कारण मी अंडं खाते. पण जुना माणूस आहे म्हणून सांगायची गरज नाही असं कुठं असतं? दोन तवे ठेवायला जागा नसेल तर पाटी लावा एक.

मेयोनेजही विचारून घ्या. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर तेलंगणानं २०२४ मध्ये बंदी घातली, तामिळनाडूनं २०२५ मध्ये. काही उगाच नाही घातली.

गोवावेसकर

वहिनी, मेयोनेज त्याच्याकडं पिशवीतलं येतं, बिनअंड्याचं. मी स्वतः बघितलंय.

शहापूरची सून

पिशवीवर हिरवा ठिपका होता का?

गोवावेसकर

इतकं कोण बघतं.

शहापूरची सून

तेच म्हणायलेय मी.

पहाटेची भट्टी

मी बेकरीच्या धंद्यातला आहे, त्याला पाव मी देत नाही, त्यामुळं मला काही मिळणार नाही. पावाबद्दल काकांचं बरोबर आहे. तो ताजा पाव घेत नाही, आदल्या दिवशीचा घेतो, आणि ते मुद्दाम. ताजा पाव तव्यावर दाबला की बसतो, उठत नाही. आदल्या दिवशीचा थोडा सुकलेला असतो, लोणी वरच्यावर धरतो आणि कडेनं कुरकुरीत होतो. गिऱ्हाईक "शिळा पाव" म्हणून ओरडतं. ओरडू दे.

पण तेल. तेलाबद्दल कुणी बोलत नाही. संध्याकाळी आठनंतर त्याच्या कढईजवळ उभं राहून बघा. फेस बारीक येतो, जात नाही, वास जड. २०१८ पासून नियम आहे, तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळणाला वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र असतं, काडीसारखं, तेलात बुडवायचं. त्याच्याकडं नाही, माझ्या ओळखीच्या एकाही गाडेवाल्याकडं नाही. रंग आणि फेस बघूनच ठरवतात. आणि तो रंग बघून ठरवायचं वयच त्याचं गेलंय. हे मी वाईट बोलत नाही. डोळ्याला कमी दिसतं त्याला. ऑर्डर मागंपुढं होते तीही त्यामुळंच असेल.

बाणेरला राहतो, टिळकवाडीचा आहे

हे मला माहीत नव्हतं. मग पोरगं का उभं करत नाही तिथं?

उद्यमबाग, दुसरी पाळी

पोरगं पुण्यात आहे. बाणेरातच असेल बहुतेक, भेटलं तर विचारा.

बाणेरला राहतो, टिळकवाडीचा आहे

हे बोलायची गरज नव्हती.

उद्यमबाग, दुसरी पाळी

खरं होतं तेवढंच बोललो. तुमच्यासारखी शिकलेली पोरं बाहेर गेली म्हणून म्हातारी माणसं तव्यावर आहेत. आणि मग तुम्हीच येऊन म्हणता सर्व्हिस नाही.

बाणेरला राहतो, टिळकवाडीचा आहे

आणि तुम्ही राहिलात तर काय केलंत हो? तुम्ही तर त्याला करचोर ठरवून मोकळे झालात. मी निदान बर्गरबद्दल लिहिलं.

निपाणीकर

आता कसं, मूळ विषयावर आलात दोघंही.

शहापूरची सून

डोळ्याचं कळलं, वाईट वाटलं. पण त्यानं माझा तव्याचा मुद्दा जात नाही. कमी दिसतं म्हणजे उलथनं कुठलं घेतलं तेही दिसत नसणार. लाल गोबी मंच्युरियनचं आठवतंय ना? तेव्हाही हेच ऐकलं होतं, इतकी वर्षं खातोय, काय झालं काय. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं त्यातल्या रंगावर बंदी घातली तेव्हा समजलं आपण काय खात होतो.

गोवावेसकर

गोबी मंच्युरियन तो करत नाही.

शहापूरची सून

काका, उदाहरण दिलं.

गोवावेसकर

दिलंत, समजलं. तेलाचं मान्य. त्याच्याशी बोलतो, माझं ऐकेल अशी खात्री नाही, माझ्यावरही खेकसतो तो. व्हेजची पाटी लावायला काही जात नाही, तेही सांगतो. पण एक तारा? गावात शनिवारी संध्याकाळी पोराटोरांना शंभराच्या आत पोटभर कुठं मिळतं तेवढं एक नाव सांगा. सांगा की.

खानापूर स्टँड

आमच्या स्टँडवर मिरचीभजी, वीस रुपये.

गोवावेसकर

बर्गर म्हणालो मी.

बाणेरला राहतो, टिळकवाडीचा आहे

एकाचे दोन केले. दुसरा पावाचा आहे, भट्टीवाल्यांनी समजावलं म्हणून. वागणुकीचा एकच राहील. वडिलांच्या तोंडावरचं मी विसरणार नाही, डोळ्याचं काहीही असो.

उद्यमबाग, दुसरी पाळी

आणि कराचा?

हिशेब चोख

परत तेच. जाऊन बिल मागा. २०० च्या आत गिऱ्हाईकानं मागितलं नाही तर बिल द्यायचं बंधन नाही, मागितलं तर द्यायला लागतं. कंपोझिशन घेतलं असेल तर दुकानाच्या बोर्डावरही तसं लिहावं लागतं.

खानापूर स्टँड

त्याला तरी जागा उरली असंल काय बोर्डावर?

उद्यमबाग, दुसरी पाळी

शनिवारी जातो. बिल मागतो. दिलं तर गप्प खातो, नाही दिलं तर इथंच फोटो टाकतो.

गोवावेसकर

शनिवारी नको, मंगळवारी जा, गर्दी कमी असते. आणि सुटे घेऊन जा.