यंत्राला ‘कळतं’ की ‘समजतं’?

अमळनेरकर
मंडळी, एका शब्दावर अडलोय. आमच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर आहे, १९१६ सालचं, प्रताप शेठजींनी काढलेलं, त्यामुळे असल्या विषयांची खाज असलेली चार टाळकी दर पिढीत निघतातच. यावेळी आम्ही जॉन सर्ल या अमेरिकी तत्त्वज्ञाचा १९८० सालचा चिनी खोलीचा मुद्दा घेतलाय. एक माणूस खोलीत कोंडलाय, त्याला चिनीचं अक्षर येत नाही, पण त्याच्या भाषेत लिहिलेलं नियमांचं बाड जवळ आहे. फटीतून चिनी चिठ्ठी आली की बाडात बघून दुसरी चिठ्ठी बाहेर सरकवायची. बाहेरच्यांना वाटतं आतला पक्का चिनी. कॉम्प्युटरही तसाच नुसते नियम पाळतो, असं सर्लचं म्हणणं. मी टिपणात लिहिलं, ‘त्या माणसाला चिनी कळत नाही’. पुण्याच्या मित्राने खोडून ‘समजत नाही’ केलं, म्हणे कळते ती बातमी, समजतो तो अर्थ. आता आमच्या घरात लहानपणापासून ‘माले कयस, पन सांगता येत नही’ असंच ऐकलेलं, आणि ते काय बातमीबद्दल नव्हतं. दोघांत फरक आहे का? आणि मशीनसाठी कुठला वापरायचा?

तापीकाठ
मित्र बरोबर आहे. गाडी लेट आहे हे कळलं, का लेट आहे ते समजलं नाही.

धुळेकर ताई
छे हो. ‘तुमच्या मुलीचं ठरल्याचं समजलं’ असं फोन करून सांगतातच की लोक, ती बातमी नाही का? आणि ‘गाण्यातलं कळतं’ म्हणतो आपण, ‘गाण्यातलं समजतं’ कोणी म्हणतं का? मला तर कळणं जास्त खोल वाटतं. समजणं शाळेतलं, कळणं घरातलं.

केळीवाला
तत्त्वज्ञान मंदिरात कधी गेलो नाही पण मोटारीवर ऑटो बसवलाय तेवढ्यावर बोलतो. रात्री लाइट कधी येईल त्याचा भरवसा नसतो, म्हणून ऑटो, लाइट आली की मोटर आपोआप चालू. वडील सगळ्यांना सांगायचे, आता उठायचं काम नाही, त्याले कयते लाइट आली ते. मग एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरलं आणि मोटर रात्रभर कोरडी फिरून जळाली. सकाळी वडील विहिरीच्या काठावर बसून म्हणाले, ‘त्याले लाइट कयली, पाणी नही कयलं.’ बाकी तुमचं चालू द्या.
(आणि अमळनेर-धुळ्याकडे ‘माले कयनं’, आमच्या रावेर-यावलला ‘मले कयलं’. सगळी खान्देशी एकच समजू नका.)

अमळनेरकर
भाऊ, हे टिपणात घालू का? नाव घालत नाही. जॉन मॅकार्थी, ज्याने १९५६ च्या डार्टमथच्या बैठकीआधी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ला इंग्रजीतलं नाव दिलं तो, १९७९ मध्ये असंच म्हणाला होता की साध्या थर्मोस्टॅटलाही, म्हणजे खोलीचं तापमान राखणाऱ्या उपकरणालाही, खोली फार गरम आहे, फार गार आहे अशा समजुती आहेत असं म्हणायला हरकत नाही. सर्लने १९८० च्या त्याच लेखात त्याला यावरूनच झापलं.

शब्दनिष्ठ
मुळात ‘मशीन’ का? यंत्र म्हणा. आणि कळणे-समजणे हे बोलीतले ढिले शब्द आहेत, तात्त्विक लेखनात ‘आकलन’ किंवा ‘बोध’ वापरावा. ऑटो, लाइट, मोटर, एका परिच्छेदात किती परके शब्द ते बघा.

केळीवाला
विद्युत आल्यावर स्वयंचालक आरंभक सुरू झाला असं लिहिलं तर माझी मोटर वाचली असती का?

धुळेकर ताई
😄 यंत्र म्हटलं की मला आजीच्या गळ्यातलं तांब्याचं यंत्र आठवतं. तिच्या मते त्याला सगळं कळायचं.

तापीकाठ
शब्दनिष्ठ, आकलन तरी कुठून आलं? कल् धातू, मोजणे. त्यातूनच कलन, संकलन, आकलन आणि आपलं कळणं. आणि संगणक म्हणजे गणणारा. म्हणजे मोजणं आणि कळणं भाषेने आधीच एक करून ठेवलंय, ज्याला मोजता येतं त्याला कळतं. सर्ल खोडला गेला.

भुसावळ जंक्शन
व्युत्पत्तीने वाद सुटत असते तर काय हवं होतं. आमच्याकडे ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणजे मण आणि मन एकच, चाळीस शेर. कापूस मोजता मोजता मनाचा प्रश्न पण वजनकाट्यावर सुटला म्हणायचा.
मला खरा मुद्दा ‘ला’चा वाटतो. मी ओळखतो, मी मोजतो, पण ‘मला’ कळतं, ‘मला’ आठवतं, ‘मला’ भूक लागते. कळण्यात मी काही करत नाही, माझ्यावर ते येऊन पडतं. म्हणून ‘यंत्र ओळखतं’ खटकत नाही, मोबाइल चेहरा ओळखतो हे सगळेच म्हणतात. ‘यंत्राला कळतं’ म्हटलं की त्याला भूकवाल्यांच्या पंगतीत बसवलं.

तापीकाठ
भिंतीला पण रंग लागतो. भूक लागली का भिंतीला?

भुसावळ जंक्शन
लागणं सोडा, कळणं घ्या. भिंतीला काय कळतं?

तापीकाठ
भिंतीला कान असतात पण. आणि त्या सर्लला लोकांनी तेव्हाच विचारलं होतं की माणसाला नसेल कळत, पण बाड, चिठ्ठ्या, माणूस धरून अख्ख्या खोलीला कळत असेल. तो म्हणाला बाड पाठ करू द्या त्याला, खोलीच उरणार नाही, तरी चिनी येणार नाही. मला हे उत्तर पटलेलं नाही. पाढे पाठ करणाऱ्या किती पोरांना पुढे गणित कळलंच ना?

अमळनेरकर
भुसावळ जंक्शन, ‘ला’चा मुद्दा झकास. ड्रू मॅकडरमॉट म्हणून एक होता कृत्रिम बुद्धिमत्तेच्याच क्षेत्रातला, त्याने १९७६ मध्ये स्वतःच्याच लोकांची खरडपट्टी काढली होती. प्रोग्रॅमच्या एखाद्या भागाला ‘समजणे’ असं नाव देता आणि मग नावावरूनच धरून चालता की तो समजतो. त्यापेक्षा नाव ‘जी००३४’ ठेवा, मग बघा कोणाला पटवता येतं का. म्हणजे आधी शब्द देऊन टाकायचा आणि मग त्यावरून भांडायचं, ही खोड त्यांच्याकडेही आहे.

शब्दनिष्ठ
म्हणूनच काटेकोर शब्द हवा असं म्हणतोय मी.

धुळेकर ताई
‘बोध’ लिहाल तर लोक कीर्तन समजून येतील. आणि आता कोणी बहिणाबाईंचं मन मधे आणू नका, प्रत्येक चर्चेत आणतात.

बाय द वे कल् धातूचं ऐकून आठवलं, मग आपला कळणा कुठून आला? कळण्याची भाकर? तो पण मोजूनच की काय?

केळीवाला
मोजूनच! चाराला एक. चार ज्वारी, एक उडीद, दळतानाच मीठ.

तापीकाठ
कळणा म्हणजे मुळात डाळ भरडल्यावर राहणारा चुरा, ‘कळणाकोंडा खाऊन दिवस काढले’ म्हणतात ते. त्याचा कल् धातूशी संबंध नसावा.

भुसावळ जंक्शन
मघाशी सगळ्याचा होता, याचाच नाही?

धुळेकर ताई
चाराला एक म्हणजे फार कमी उडीद. आमच्या सासूबाई तीनाला एक घ्यायच्या, नाहीतर भाकर फाटते म्हणायच्या.

केळीवाला
ताई, फाटते ती थापणाऱ्यामुळे.

अमळनेरकर
अहो खोलीतल्या माणसाचं काय करू? टिपण उद्या झेरॉक्सला द्यायचंय. मी ‘कळत नाही’च ठेवतोय, आणि खाली विहिरीचा किस्सा.

शब्दनिष्ठ
निषेध.

धुळेकर ताई
उडीद सालासकट ना?

केळीवाला
सालासकट. काळेच.