बसऱ्याच्या भिंतीवरचे आकडे

पहिल्या महायुद्धात परदेशात मेलेल्या भारतीय सैनिकांबद्दल काहीजण म्हणतात की कबर सापडली नाही तरी तिथल्या स्मारकांवर प्रत्येकाचं नाव कोरलेलं आहे. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या भारतीय स्मारकापुरतं (१९२७) हे खरं; तिथे ४,७०० हून अधिक नावं आहेत. पण इराकमधल्या बसरा स्मारकाचं तसं नाही. ४० हजारांहून अधिक बेपत्ता मृतांसाठी १९२९ मध्ये ते उभं राहिलं. ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं तिथे कोरली, पण साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या! नावं गेली वेगळ्या नोंदवहीत. त्याच युद्धात इराकमधल्या कुत गावाला पडलेल्या वेढ्यात मराठा पलटणीही होत्या, म्हणून हे जास्तच लागतं. २०२१ मध्ये ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने (CWGC) या भेदभावाबद्दल माफी मागितली. स्मारक तर १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं.

आमच्या औसा (लातूर) भागात मारुतीच्या पारापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, असतात. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतायत, वर शिवलिंगाची पूजा. नाव बहुतेकांवर नसतंच, पण प्रत्येक वीराला स्वतःचा दगड तरी मिळालाय.

कुणी पणजोबा शोधत असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधा. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, त्यामुळे जिल्ह्याऐवजी 'हैदराबाद' टाकूनही पाहा. बीड जुन्या इंग्रजी कागदांत 'भीर' असंही सापडतं.