क्लेरी कायदा: क्लबच्या अ‍ॅडव्हायजरला आणि होस्टेलच्या आरएला (रेसिडेंट असिस्टंट, म्हणजे होस्टेलवर लक्ष ठेवणारा विद्यार्थी) रिपोर्टिंगची सक्ती हवीच का?

मेधा_सांगलीकर
इथे ओहायोत युनिव्हर्सिटीत स्टुडंट अफेअर्सला आहे, इंडियन क्लबची अ‍ॅडव्हायजर पण मीच, त्यामुळे क्लेरी कायद्याने (कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती कॉलेजांना जाहीर करायला लावणारा अमेरिकन कायदा) मी 'कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी', म्हणजे गुन्ह्याबद्दल कुणी काही सांगितलं की वर कळवायचंच. नुसतं शिकवणाऱ्या प्रोफेसरला ही सक्ती नाही, काउन्सेलरला सूट. दिवाळीचा कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरत होतो तर एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "ताई, कुणाला सांगणार नाही ना?" मी म्हटलं, बाळा, आधी ऐक, मला कळवावं लागेल. तिने हातातली खुर्ची गठ्ठ्यावर ठेवली आणि गेली, परत आलीच नाही. अजून डोक्यातून जात नाही ते. आरए तर १९-२० वर्षांची पोरं, त्यांच्यावर कशाला हे ओझं?

राजा_पिट्सबर्ग
ताई, वाचून वाईट वाटलं, पण सक्ती काढा म्हणाल तर अजिबात नाही. १९८६ मध्ये लीहाय युनिव्हर्सिटीच्या होस्टेलमध्ये जीन क्लेरीचा बलात्कार करून खून झाला, कॅम्पसवर आधी काय काय घडलं होतं ते आईबापांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांनी जिवाचं रान केलं तेव्हा १९९० ला कायदा झाला. मुलं पोलिसांकडे जात नाहीत हो, कोचकडे जातात, आरएकडे जातात! मिशिगन स्टेटला २०१९ मध्ये ४५ लाख डॉलर दंड झाला, त्यात कळवायची सक्ती असलेले लोक नेमके कोण हे ठरवून त्यांना कळवलंच नव्हतं हाही ठपका होता. आणि क्लेरीसाठी काय झालं, कुठे, कधी एवढंच लागतं, तिचं नाव द्यावं लागत नाही.

मेधा_सांगलीकर
कागदावर बरोबर. पण आमच्याकडे तेच लोक टायटल नाइनचे (शिक्षणात लिंगभेद आणि लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) पण रिपोर्टर, आणि तिथे नाव द्यावं लागतं. रडवेल्या मुलीला मी दोन कायद्यांतला फरक समजावत बसू का?

स्नेहल_माजी_आरए
मी दोन वर्षं आरए होते म्हणून लिहितेय. रात्री दोनला दार वाजलं, बाहेर शेजारच्या विंगमधली मुलगी, पायात एकच चप्पल. आधी पाणी दिलं, मग सांगितलं की माझ्याकडून हे वर जाईल, कुणालाच कळायला नको असेल तर काउन्सेलरचा नंबर आत्ता लावून देते. तिने काउन्सेलर निवडला, पण तिचा तिने निवडला. ओझं होतंच, नाही म्हणणार नाही, पण नियम नसता तर ते सगळं मी एकटीच उरात घेऊन बसले असते आणि पुढची मुलगी त्याच जिन्यावरून गेली असती.

राजा_पिट्सबर्ग
हेच म्हणतोय मी! आणि २०२४ च्या शेवटी हेझिंग (आपल्याकडचं रॅगिंग) पण क्लेरी कायद्यात आलं, आता क्लबवाल्यांना बाहेर ठेवून कसं चालेल?

मेधा_सांगलीकर
स्नेहल, तुला काउन्सेलरचं आधी सांगायचं सुचलं, मला नाही सुचलं, कारण ट्रेनिंगच्या व्हिडिओत फॉर्म कसा भरायचा तेवढंच होतं. आरएवर सक्ती नको या मतावर मी अजून ठाम आहे. पण क्लबच्या पुढच्या मीटिंगला काउन्सेलरला बोलावते, कुणाला काय सांगितलं तर ते कुठे जातं हे मुलांना आधीच कळू दे.