अलास्काच्या किनाऱ्यासाठी मोठे जहाज घ्यावे की लहान?

प्रश्न (पोर्टलंड, ओरेगन)

नमस्कार. येत्या जूनमध्ये आई-बाबा सांगलीहून माझ्याकडे येत आहेत आणि त्यांना घेऊन आग्नेय अलास्काचा किनारा पाहायचा, असे आम्ही ठरवले आहे. बाबा ७१ वर्षांचे आहेत. उमेदीच्या वयात त्यांनी चांदोलीच्या जंगलात पक्षी पाहत कितीतरी सुट्ट्या घालवल्या, पण आता उजवा गुडघा त्रास देतो आणि उंच पायरी चढताना हाताला आधार लागतो. आई ६६ वर्षांची असून पूर्ण शाकाहारी आहे. रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या तर तिची प्रकृती उत्तम आहे.

आमच्यापुढे दोन पर्याय आहेत. एक, सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणारे सुमारे तीन हजार प्रवाशांचे जहाज. दुसरा, अलास्कातल्याच जुनोहून निघून सिटकाला संपणारी, साठ-सत्तर प्रवाशांच्या बोटीवरची सफर. दोन्ही सात रात्रींच्या आहेत, मात्र दुसरीचे भाडे पहिलीच्या जवळजवळ चौपट आहे. जहाजावरचे कार्यक्रम आणि दुकाने यांत आम्हा तिघांनाही रस नाही. हिमनद्या, देवमासे आणि तिथले पावसाळी अरण्य पाहायचे आहे. ही सहल पुन्हा होण्याची शक्यता कमी असल्याने खर्चापेक्षा निवड चुकण्याची भीती अधिक वाटते. ज्यांनी यांपैकी एखादा प्रवास केला असेल, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (सिॲटल)

आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन मोठ्या जहाजाने गेलो होतो. सर्वांत आधी व्हिसाकडे लक्ष द्या, कारण आमची सगळी धावपळ त्यातच झाली. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला वाटेत परदेशी बंदराला लागल्याशिवाय प्रवाशांना अमेरिकेतून अमेरिकेत अशी फेरी घडवता येत नाही. मोठी जहाजे बहुतेक सगळी परदेशी नोंदणीची असतात, म्हणून सिॲटलच्या फेऱ्या कॅनडातल्या एखाद्या बंदरात, बहुधा व्हिक्टोरियाला, काही तास थांबतात. आई-बाबांचे पासपोर्ट भारतीय असतील तर त्यांना कॅनडाचा व्हिसा लागेल आणि अमेरिकेचा व्हिसाही पुन्हा प्रवेश देणारा असावा लागेल. तुमची लहान बोट अमेरिकी नोंदणीची असेल आणि जुनो ते सिटका एवढ्यातच फिरणार असेल, तर कॅनडाचा प्रश्नच येत नाही.

मोठ्या जहाजाच्या बाजूने सांगायचे तर वयस्कर माणसांची तिथे आबाळ होत नाही. लिफ्ट असते, दवाखाना आणि डॉक्टर असतात, सासूबाईंना रोज वरण-भाताच्या जवळपास जाणारे काहीतरी मिळत होते. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी जहाजे सोडतात, त्यामुळे आपल्या जहाजाच्या मार्गात ते उद्यान आहे का, हे आरक्षणाआधी तपासा. अनेक जहाजांच्या मार्गात ते नसते. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून माहिती देतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबले, तेव्हा पाण्यावर सुमारे पंचाहत्तर मीटर उंच असलेल्या त्या निळसर भिंतीचा एक कडा आधी निःशब्द सुटलेला दिसला आणि त्याचा गडगडाट काही क्षणांनी आमच्यापर्यंत आला. सासरे आरामखुर्चीत पांघरूण घेऊन बसले होते आणि त्यांनी ते सगळे पाहिले. एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे: ग्लेशियर बेमध्ये मोठ्या जहाजातून कोणालाही किनाऱ्यावर उतरता येत नाही.

प्रतिसाद (पुणे)

ही उणीव मला लहानसहान वाटत नाही. माझ्या मते निवडीचा सगळा प्रश्न तिथेच आहे. मोठ्या जहाजाला पुढच्या बंदरातली धक्क्याची वेळ गाठायची असते, म्हणून ते अरण्याच्या कडेने जाते, पण अरण्यात थांबत नाही. आम्ही सत्तरहून कमी प्रवाशांच्या बोटीवर होतो. एका सकाळी ओहोटीच्या वेळी कप्तानाने इंजिन बंद केले. किनाऱ्यावर एक तपकिरी अस्वल पंजाने दगड उलटवून खालचे काहीतरी खात होते आणि प्रत्येक दगड पुन्हा पडल्याचा ठक्क असा आवाज आम्हाला डेकवर स्पष्ट ऐकू येत होता. आम्ही तिथे जवळजवळ पाऊण तास थांबलो. मोठ्या भरतीच्या दिवसांत तिथे पाण्याच्या पातळीत सहा मीटरच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर समुद्रतारे आणि शेवाळ यांचे एक वेगळेच जग दिसते, आणि ते पाहण्यासाठी रबरी होडीतून उतरावे लागते.

तुमचे बाबा पक्षी पाहणारे आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. ग्लेशियर बेमधल्या साउथ मार्बल बेटावर पफिन हे समुद्रपक्षी असतात आणि खडकांवर स्टेलर समुद्रसिंहांचे कळप पडलेले असतात. लहान बोटी नियमाने ठरलेले अंतर राखून तिथे रेंगाळतात, तेव्हा साध्या दुर्बिणीतूनही पफिनची नारिंगी चोच दिसते.

आता गुडघ्याविषयी. माझ्या आईला आमच्या बोटीवर त्रास झाला, कारण कंपनीने पत्रकात ‘सर्व वयोगटांसाठी सोयीची’ असे लिहिले होते आणि प्रत्यक्षात जेवणघर आणि खोल्या यांच्यामध्ये शिडीसारखा उभा जिना होता. म्हणून पत्रकावर विसंबू नका. जिन्याचे आणि रबरी होडीत उतरायच्या पायरीचे फोटो मागवा, दोन्ही बाजूंना कठडा आहे का ते विचारा आणि शक्यतो जेवणघराच्याच मजल्यावरची खोली घ्या. अशा बोटींवर बहुधा डॉक्टर नसतो, तेव्हा हेलिकॉप्टरने रुग्णालयात नेण्याचा खर्च देणारा विमा घ्यावाच लागेल. स्वयंपाकघर एकच असते, त्यामुळे शाकाहाराची सूचना आरक्षणाच्या वेळीच लेखी द्या.

प्रतिसाद (अँकरेज)

दोन गोष्टी जोडतो. सिॲटलची अनेक जहाजे व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या महासागरातून जातात, आणि तिथे जहाज मोठे असूनही हलते; जुनो ते सिटका हा प्रवास बव्हंशी बेटांच्या आडोशाने होतो. दुसरे म्हणजे ट्रेसी आर्म या फियोर्डचे, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या अरुंद खाडीचे, नाव कार्यक्रमपत्रिकेत असेल तर सध्या तिथे बोट जाते का, हे विचारा. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे प्रचंड दरड कोसळून मोठी लाट उसळली होती.

खर्च फारच जड वाटला तर तिसरा मार्गही आहे. विमानाने जुनो, तिथून ग्लेशियर बेजवळचे गस्टाव्हस गाव गाठावे, उद्यानातल्या बार्टलेट कोव्हला मुक्काम करावा आणि तिथून सुटणाऱ्या सुमारे आठ तासांच्या दिवसभराच्या बोटीने हिमनद्या पाहाव्यात. रात्री पाय जमिनीवर राहतात आणि समुद्रसिंहांचे ते बेटही बहुधा वाटेत पाहता येते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. कॅनडाच्या व्हिसाचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. लहान बोटीच्या कंपनीला मी फोन केला. बोट अमेरिकी नोंदणीची आहे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे आहेत आणि होडीत उतरताना दोन माणसे हाताला धरतात, असे त्यांनी सांगितले आणि मागितलेले फोटोही पाठवले. जेवणघराच्या मजल्यावरची एकच खोली शिल्लक होती, ती आई-बाबांसाठी घेतली आहे; मी खालच्या मजल्यावर राहीन. पायरीची उंची मी बाबांना कळवली, आणि डॉक्टरांना विचारून ते आता रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर तेवढ्याच उंचीच्या पायऱ्या कठडा न धरता उतरण्याचा सराव करत आहेत.