तान्ह्या पोळ्याच्या झुली : घरगुती व्यवसाय करताना किंमत कशी ठरवावी?

प्रश्न :
नमस्कार. आम्ही नागपुरात महाल भागात राहतो. गेल्या वर्षी मुलाच्या लाकडी नंदीसाठी मी जुन्या साडीच्या काठाची झूल शिवली, तिला आरसे लावले आणि शिंगांना कापडी शेंब्या चढवल्या. तान्ह्या पोळ्यात, म्हणजे मुलांच्या लाकडी नंदींच्या पोळ्यात, ती पाहून ओळखीच्या बायकांनी मागणी केली आणि यंदा १४ झुली प्रत्येकी १५० रुपयांना गेल्या. एका झुलीला ९५ रुपयांचे सामान आणि अडीच तास लागतात. हे काम आता व्यवसाय म्हणून करण्याची मनापासून इच्छा आहे. परंतु किंमत वाढवली तर गिऱ्हाईक तुटेल का, आणि सोबत चाकांचा नंदीही विकावा का, हे ठरवता येत नाही.

उत्तर १ :
ताई, तुमच्याच आकड्यांप्रमाणे अडीच तासांचे ५५ रुपये, म्हणजे तासाला २२ रुपये पडतात. मीही अनेक वर्षे लहान मुलींचे फ्रॉक शिवून विकते आणि सुरुवातीला हीच चूक केली होती : कापडाचा हिशेब चोख ठेवला, स्वतःच्या हातांचा मात्र धरलाच नाही. २५० रुपयांपेक्षा कमी घेऊ नका. वेळ वाचवायचा असेल, तर वशिंडापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी धरून तीनच मापे ठरवा, गांधीबागेतून कापड ठोक भावात आणा आणि एका मापाच्या सगळ्या झुली एकाच बैठकीत कापा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तान्हा पोळा एकच दिवस असल्याने उरलेला माल वर्षभर पेटीत पडून राहतो आणि पैसे त्यात अडकतात. म्हणून निम्मी रक्कम आगाऊ घेऊनच शिवा आणि राखीपौर्णिमेनंतर नवी मागणी स्वीकारू नका, कारण तिथून पोळ्याला पंधराच दिवस उरतात.

उत्तर २ :
नंदी विकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, पण ती सूट त्यांनी स्वतः घडवलेल्या वस्तूंना आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र अवश्य करावी. ती विनाशुल्क आहे, त्यामुळे कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. राज्यातल्या राज्यात वस्तू विकताना वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. आणखी एक विनंती : घुंगरू आणि आरसे गोंदाने चिकटवू नका. लहान मूल सुटलेले घुंगरू आधी तोंडात घालते, म्हणून ते दुहेरी दोऱ्याने शिवून मागच्या बाजूला गाठ मारावी.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. माझ्या झुलींचे आरसे चिकटवलेलेच होते. विकलेल्या चौदाही झुली परत मागवून मी ते शिवून देणार आहे, आणि नव्या मागण्या २५० रुपयांनीच घेईन.