मदत हवी आहे: केबलचं नेट सोडून एअरफायबर घ्यावं का? (पाथर्डी फाटा, नाशिक)

पाथर्डीकर:
नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ राहतो. लोकल केबलवाल्याचं १०० एमबीपीएसचं नेट आहे. महिनाभरात नऊ वेळा बंद पडलं. फोन केला की "रस्ता खोदलाय, माणूस पाठवतो", आणि माणूस उगवतो दुसऱ्या दिवशी. काल क्लायंटशी बोलता बोलता कॉल तुटला, आज मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं. आता पुरे. जिओ किंवा एअरटेलचं एअरफायबर (मोबाइलच्या टॉवरवरून बिनवायरीचं येणारं घरचं नेट) घेतोय. कोणतं घेऊ? शनिवारपर्यंत ठरवायचंय, थेट उत्तर द्या.

गोदाकाठ:
कितवा मजला? बिल्डिंग किती मजली? टॉवर कुठल्या अंगाला? गच्चीवर टॉवरचा सिग्नल घेणारा डबा लावायला सोसायटी परवानगी देईल का? एवढं कळल्याशिवाय कोणी कंपनीचं नाव सांगितलं तर ऐकू नका.

दिंडोरीचा_मळेकरी:
बिनधास्त घ्या. आमच्या मळ्यापर्यंत फायबर कोणी आणतच नव्हतं. डबा लावला, दोन तासांत नेट चालू. अडचण एकच आली. एअरफायबरवर एक आयपी (नेटवरचा पत्ता) बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्यामुळे बागेतले कॅमेरे बाहेरून थेट दिसेनात. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) बदलून क्लाउडवाला घ्यावा लागला.

पाथर्डीकर:
माझ्याकडे कॅमेरे नाहीत. सात मजली बिल्डिंग, मी चौथ्यावर. टॉवरचं माहीत नाही. जिओ की एअरटेल, एवढंच सांगा.

सातपूर_लाइन:
थांबा जरा. नेट जातं तेव्हा केबलवाल्याने घरात लावलेल्या डब्यावर एलओएस (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल होतो का?

पाथर्डीकर:
हो, लाल लुकलुकतो.

सातपूर_लाइन:
म्हणजे फायबरच्या, म्हणजे काचेच्या वायरमधून तुमच्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. तुमचं राउटर ठीक आहे, वायर तुटलीय नाहीतर जोड सैल झालाय. टीव्हीमागची पिवळी वायर काटकोनात मुडपली नाही ना, तेही बघा. मी पंधरा वर्षं हेच काम करतो. घाईत लाइनमन जोड चिकटपट्टीत गुंडाळून खांबाला लटकवतात. तो बंद पेटीत नसला तर वाऱ्यापाण्याने पुन्हा सुटणारच. नऊ वेळा रस्ता खोदला गेला, यावर माझा विश्वास नाही. लाइनमनला उभं करून जोड दाखवायला सांगा.

इंदिरानगर_७७:
का नसेल खोदला? सिंहस्थाची कामं चालू आहेत. आमच्या गल्लीत आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाइन, मग पुन्हा ड्रेनेज. २०२७ पर्यंत हेच.

पंचवटी_जुने:
रस्ते व्हायलाच हवेत हो. २०१५ च्या पर्वणीला गर्दी काय होती ती पाहिलीय आम्ही. पण खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवत का नाहीत?

गोदाकाठ:
सिंहस्थासाठी वेगळा धागा काढा, विनंती. धागाकर्ते, काम नेमकं काय आणि किती ते किती?

गंगापूररोड_पाऊस:
एअरफायबर घेऊ नका. पावसाळ्यात बंद पडतं, माझ्या भावाने अनुभव घेतलाय.

दिंडोरीचा_मळेकरी:
माझं दोन पावसाळे चाललंय. पावसाने मोठा फरक पडतो तो २६ गिगाहर्ट्झसारख्या फार वरच्या लहरींवर. साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास पाऊस जवळपास जाणवत नाही. भावाच्या डब्यासमोर झाड असेल. ओल्या पानांनी सिग्नल नक्की पडतो.

गंगापूररोड_पाऊस:
आंबा आहे समोर. पण आंबा उन्हाळ्यातही होताच की.

दिंडोरीचा_मळेकरी:
उन्हाळ्यात पानं कोरडी असतात.

पाथर्डीकर:
काम अमेरिकन कंपनीचं. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) आणि व्हिडिओ कॉल.

गोदाकाठ:
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. एअरफायबर मोबाइलच्याच टॉवरवर चालतं. रात्री आठ ते अकरा अख्खी कॉलनी फोनवर असते, आणि त्याच वेळी तुमचे कॉल. दुपारी ३०० एमबीपीएस दाखवणारं कनेक्शन रात्री कुठल्या कुठे घसरतं. तुम्हाला अपलोड आणि स्थिर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) महत्त्वाचं.

देवळाली_गेमर:
पिंगचा बाऊ करू नका. सर्व्हर अमेरिकेत असेल तर तसेही दोनशेच्या वर मिलिसेकंद लागतात, त्यात वीस-तीस वाढले तर काय बिघडलं? पिंग सारखं वरखाली झालं तर मात्र आवाज तुटतो. मोबाइलवर ५जी किती येतं घरात?

पाथर्डीकर:
फोन ४जी आहे.

देवळाली_गेमर:
मग कशावरून ठरवताय? दोन्ही कंपन्यांची सिम असलेले ५जी फोन कोणाकडून तरी आणा. प्रत्येक खिडकीत उभे राहा आणि रात्री साडेनऊला स्पीड टेस्ट करा. तीन दिवस. खिडकीत जे येतं त्यावरून बऱ्यापैकी अंदाज येतो.

नाशिकरोड_ओटीटी:
जिओमध्ये चॅनेल आणि ओटीटी फुकट मिळतात, सासूबाईंच्या मालिकांची सोय झाली. वर्षाचे पैसे एकदम भरा, बसवण्याचे हजार रुपये वाचतात.

गोदाकाठ:
वर्षाचे मुळीच भरू नका. रेंज नीट नसेल तर पैसे अडकतात. आणि महिन्याची डेटाची मर्यादा विचारून घ्या. एअरफायबरला साधारण १००० जीबी देतात, त्या कंपन्यांच्याच फायबरला ३३०० च्या आसपास. फ्लॅट स्वतःचा आहे ना?

पाथर्डीकर:
भाड्याचा. करार मार्चमध्ये संपतो.

गोदाकाठ:
मग भिंतीला भोक पाडायच्या आधी घरमालकांना विचारा. आणि नवीन पत्त्यावर रेंज असेल तरच डबा तिकडे हलवून देतात.

पाथर्डीकर:
शेजारच्या काकांचा मुलगा दोन दिवस ५जी फोन घेऊन आला, त्यात दोन्ही सिम. रात्री साडेनऊला हॉलमध्ये एकाचं डाउनलोड २२, दुसऱ्याचं १५. स्वयंपाकघराच्या खिडकीत, पांडवलेण्याच्या उलट्या बाजूला, पहिल्याचं १४०, अपलोड ११, पिंग ३८. दुसऱ्याचं तिथेही ४० च्या वर जाईना. तिसरी रात्र बाकी आहे. घरमालक हो म्हणाले, पण भोक नको, खिडकीच्या ग्रिलला लावा म्हणाले. लाइनमनलाही उभं केलं. जोड खरंच चिकटपट्टीत होता आणि आत पाणी. त्याने पेटी लावून दिली. आता काय करू?

सातपूर_लाइन:
पेटी लावलीय तर महिनाभर केबल चालू ठेवा.

देवळाली_गेमर:
ठेवा, पण एअरफायबरही एक महिन्याच्या प्लॅनवर घ्या. नोकरीचा प्रश्न आहे, दोन लाइन असूदेत. वीज गेली तर डबा आणि राउटर दोन्ही बंद पडतील, इन्व्हर्टरवर घ्या.

पाथर्डीकर:
घेतो, पहिल्या सिमच्या कंपनीचं. शनिवारी सकाळी माणूस येतोय. सर्वांचे आभार.

गोदाकाठ:
तो हॉलमध्ये डबा लावून पटकन निघायला बघेल. आधी स्वयंपाकघराची खिडकी दाखवा, आणि रात्री पुन्हा मोजल्याशिवाय केबल बंद करू नका.