मदत हवी आहे: लेकीचं एचबीए१सी ५.६ आलंय, पण ग्लुकोमीटर वेगळंच सांगतोय

कृष्णाकाठची

नमस्कार. दोन वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

लेक पाच वर्षांची. दीड वर्षाची असताना कळलं की ऐकू येत नाही, दोन्ही कानांना यंत्रं लागली. तिसऱ्या वर्षी पांढरीफटक पडायला लागली. लोहाचं टॉनिक, खजूर, गूळ-शेंगदाणे, सगळं झालं. हिमोग्लोबिन ६.२, दोनदा रक्त चढवलं. त्यातून सावरतोय तोवर साखर चारशेच्या वर. टाइप १ म्हणून इन्सुलिन सुरू झालं. कानाची फाइल वेगळी, रक्ताची वेगळी, साखरेची वेगळी, आणि मी तिन्ही पिशवीत घालून फिरायचे. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टर मॅडमनी तिन्ही एकत्र टेबलावर पसरल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "लग्न नात्यातलं का?"

हो. माझ्या सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या.

बोन मॅरोची तपासणी झाली, जनुक तपासणी झाली. एसएलसी१९ए२ नावाच्या जनुकात दोष आहे. बी-१ म्हणजे थायमिन पेशीच्या आत नेणारं दारच बिघडलेलं. आजाराचं नाव थायमिन रिस्पॉन्सिव्ह मेगॅलोब्लास्टिक अ‍ॅनिमिया, म्हणजे थायमिन दिलं की सुधारणारा अ‍ॅनिमिया, सगळे टीआरएमए म्हणतात. आम्ही दोघं वाहक, म्हणजे दोष दोघांकडे, आजार नाही. औषध काय, तर थायमिनची गोळी! रोज ७५ मिलिग्रॅम. पहिल्याच महिन्यात केमिस्टनं "एकच आहे हो" म्हणत बी-कॉम्प्लेक्स दिलं होतं, ते परत केलं.

गोळी सुरू होऊन अडीच महिने झाले. हिमोग्लोबिन ११. इन्सुलिन दिवसाला ९ युनिटवरून ३ वर आलंय. आणि परवा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ५.६, आधी ८.६ होतं. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. आत्या म्हणतात, पोरीला आता टोचू नका, बंद करा ते इन्सुलिन. नवराही तिकडेच झुकलाय. पण माझ्या वहीत सकाळी उपाशीपोटी १२० ते १३५ आहे, आणि रात्री जेवणानंतर दोन तासांनी २००, २१५, एकदा २३८. मग हे ५.६ आलं कुठून? मशीन खराब की मी चुकतेय? मॅडमची तारीख तीन आठवड्यांनी आहे. कुणाच्या घरी असं मूल असेल तर प्लीज सांगा.

बागायतदार_७

जांभळाच्या बियांची पूड द्या, सकाळी कोमट पाण्यातून. आमच्या वडिलांना गुण आला.

कृष्णाकाठची

दादा, वडिलांचं वेगळं हो. ही पाच वर्षांची आहे आणि इन्सुलिनवर आहे. राग नाही, पण नको.

तिसरी_पाळी

मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. तरी हे रोज बघतो म्हणून लिहितो. मशीन बदलण्याआधी एचबीए१सी म्हणजे काय ते बघा. तांबड्या पेशीला तिच्या आयुष्यभरात जेवढी साखर चिकटते, तेवढी ती तपासणी मोजते. पेशी साधारण १२० दिवस जगते. तुमच्या मुलीच्या अंगात थायमिन मिळाल्यावर नव्या पेशींचा लोंढा आलाय, हिमोग्लोबिन ६ वरून ११ ला उगाच नाही गेलं. नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नाही. म्हणून आकडा खोटा कमी येतो. ५.६ म्हणजे सरासरी साखर ११४ च्या आसपास. तुमच्या वहीत तर उपाशीपोटीच त्याच्या वर आहे! तुमची वही खरी धरा.

फ्रुक्टोसामाइन करून घेता येईल का ते विचारा. ती रक्तातल्या प्रथिनांवरची साखर मोजते, मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते, तांबड्या पेशींशी तिचा संबंध नाही.

दर_एकवीस_दिवसांनी

ताई, आमचा मुलगा थॅलेसेमिया मेजर, चौदा वर्षांचा. आजार वेगळा, फसवणूक तीच. त्याला दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त मिळतं, म्हणजे एचबीए१सीमध्ये निम्मी साखर रक्तदात्याची. (आम्ही हसतो यावर, दुसरं काय करणार.) त्याची साखर वाढली ती सारखं रक्त चढवून स्वादुपिंडात लोह साचल्यानं. म्हणून इतर थॅलेसेमियाच्या आयांनो, हे वाचून थायमिन सुरू करू नका, आपल्या मुलांचं ते कारण नाही. आम्ही तोंडाने ग्लुकोज देऊन करतात ती टेस्ट वर्षातून एकदा करतो, आणि दंडावर सतत साखर मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर लावतो. सेन्सर महाग पडतो, पण रात्रीचं सगळं दिसतं.

तीन आठवडे थांबू नका. मॅडमच्या असिस्टंटला वहीचे फोटो पाठवा. आणि इन्सुलिन स्वतःहून बंद नाही म्हणजे नाही.

निळीशाई

टीआरएमएबद्दल थोडं. पहिलं वर्णन १९६९ चं, जनुक सापडलं १९९९ मध्ये. थायमिननं रक्त सुधारतं, इन्सुलिन कमी होतं, काही मुलांचं सुटतंही. पण वयात येताना बऱ्याच जणांना परत लागतं, तेव्हा आत्ता कमी झालं तर आनंद माना, कायमचं सुटलं असं घरच्यांना सांगू नका. कान मात्र गोळीनं परत येत नाहीत. डोळ्यांचा पडदा आणि ईसीजी बघून घ्या, दोन्हीकडे त्रास होऊ शकतो. आणि गोळीत खंड नको. बंद केली की काही आठवड्यांत रक्त पुन्हा उतरतं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. आत्यांना तांबड्या पेशींचं सांगितलं. त्यांचं पुढचं: मग हातसडीचा तांदूळ घालू, त्यात बी-१ असतं म्हणतात. त्यांना गणित करून दाखवलं. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज अर्ध्या-पाऊण मिलिग्रॅमची, आणि हिला दार बिघडल्यामुळे शंभरपट लागतं. तेवढा भात ती खाईल का? हसल्या. मग एकदम गप्प झाल्या, आणि म्हणाल्या, "हे लग्न मीच जमवलं गं."

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

कृष्णाकाठची (नऊ दिवसांनी)

मॅडमनी फोटो बघून दुसऱ्याच दिवशी बोलावलं. सेन्सर लावलाय. रात्री साडेनऊ ते बारा साखर २२० च्या पुढे, पहाटे १२५. इन्सुलिन चालू, संध्याकाळचा डोस अर्ध्या युनिटनं वाढवलाय. एचबीए१सी आता तीन-चार महिने करायचंच नाही म्हणाल्या. सेन्सर वाजला की आत्याच आधी उठतात.

आता एकच विचारायचंय: अर्ध्या युनिटची खूण असलेलं इन्सुलिन पेन सांगली-मिरजेत कुणाला मिळालंय का? पुण्याहून मागवायला चार दिवस लागतात.